स्विफ्टला १४ च्या डिस्कवरून १५ चे अलॉय: मुंबईच्या रस्त्यांवर परवडतं का?

बरेच जण विचारत होते म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. गाडी २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय. कंपनीतून आलेली साईझ १६५/८० आर १४, स्टीलची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं रिम, आणि वरून प्लॅस्टिकची व्हील कॅप. आता त्या जागी १८५/६५ आर १५ बसवलेत, अलॉयवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या रिमवर. मुंबईचा पावसाळा त्याच्यावर काढून झाला, एक्स्प्रेसवे झाला, कोकण झालं, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. मी समाधानी आहे, हे आधीच सांगतो. पण "रिम जेवढं मोठं तेवढी गाडी भारी" हे जे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं ना, ते मला अजिबात पटत नाही, आणि मुंबईत तर नाहीच नाही.

आधी आकडे समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. टायरच्या बाजूला १६५/८० आर १४ लिहिलंय त्यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के एवढी साईडवॉलची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची, उंची, म्हणजे १३२ मिमी. आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात. आता रिमचे ३५५.६ मिमी आणि वर-खाली दोन साईडवॉल मिळून २६४, असं धरलं की अख्खं चाक होतं ६१९.६ मिमी. तेच गणित १८५/६५ आर १५ ला लावा, साईडवॉल १२० आणि थोडं, दोन्हीकडचे मिळून २४०.५, रिम ३८१, एकूण ६२१.५. म्हणजे रिम एका इंचाने वाढलं तरी अख्ख्या चाकात फरक किती, तर दोन मिमी सुद्धा नाही. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा ०.३ टक्के जास्त धावते, एवढंच. मारुतीने स्वतः वरच्या झेडएक्सआय मॉडेलला हीच १८५/६५ आर १५ साईझ दिलीय, ती काही उगाच दिलेली नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, रिम मोठं घेतलं म्हणून गाडी उंच होत नाही. ग्राउंड क्लिअरन्स चाकाच्या एकूण व्यासावर असतो, रिमवर नाही. सोसायटीत दोघांनी मला विचारलं की स्पीडब्रेकरला खाली घासते म्हणून अलॉय टाकू का, तर नाही हो, त्याचा काही संबंधच नाही.

मग वाढलं काय आणि गेलं काय? वाढली रुंदी, २० मिमी. गेली साईडवॉल, १३२ ची १२० झाली. आणि या साईडवॉलबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण दुकानात रिमच्या डिझाईनवर तासभर चर्चा होते आणि हिच्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा तो मार आधी साईडवॉल घेते, ती दबते, आणि तिची उंची संपली की मग रिमची कड खड्ड्याच्या काठावर बसते. त्या दोघांच्या मध्ये सापडलेलं रबर चिमटलं जातं आणि आतले धागे तुटतात. मग दोन दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या फुग्याला पॅच नसतो, टायर फेकायचाच. आता तुम्हीच सांगा, एलबीएस रोडवर, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पावसाळ्यात उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, खोदून अर्धवट बुजवलेल्या चरांवर गाडी चालवायची, तर ही उंची कमी करून चालेल का?

१४ ला १३२ मिमी, १५ ला १२०, १६ घेतलं म्हणजे १९५/५५ आर १६, तर १०७, आणि १७ घेतलं म्हणजे २०५/४५ आर १७ तर फक्त ९२. या चारही साईझच्या चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच येतो, ६१६ ते ६२१ च्या आसपास, त्यामुळे दुकानदार छातीठोक सांगतो "काही प्रॉब्लेम नाही साहेब, साईझ मॅच होते". साईझ मॅच होते हे खरंच आहे. पण १४ वरून १७ ला जाताना खड्ड्यासाठी ठेवलेलं ४ सेंटीमीटर रबर तुम्ही काढून टाकलंत, हे तो सांगत नाही.

माझ्या मावसभावाने त्याच्या स्विफ्टला घोडबंदर रोडवर राहून १७ घातले. गाडी उभी असली की दिसते एक नंबर, ते मी नाकारत नाही, सिग्नलला लोक वळून बघायचे. पण पहिल्याच पावसात डाव्या पुढच्या टायरला फुगा आला आणि त्याच्याच मागच्या रिमची आतली कड वाकली. वाकलेली कड बाहेरून दिसत नाही, हवा मात्र हळूहळू कमी होत राहते, आणि तो बिचारा दर आठवड्याला पंक्चरवाल्याकडे जाऊन पंक्चर शोधायला लावत होता. पंक्चर नव्हतंच. शेवटी चाक काढून पाण्यात बुडवलं तेव्हा रिम आणि टायरच्या मधून बुडबुडे निघाले. आता तो सुद्धा १५ शोधतोय.

आता दुकानाबद्दल. मुलुंडचं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण उगाच जाहिरात वाटेल आणि ओळखीचं आहे. दुकानातल्या काकांचा हा धंदा माझ्या शाळेच्या दिवसांपासूनचा. मी गेलो तेव्हा माझ्या डोक्यात १६ होतं, कारण बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ येतात, तेच रिम स्विफ्टला बसतील असं कुठेतरी वाचलं होतं. काकांनी सरळ विचारलं, "गाडी कुठे चालवता रोज?" मी म्हटलं भांडुप ते अंधेरी, जेव्हीएलआरने. "गाडीत माणसं किती असतात?" म्हटलं शनिवार-रविवारी आई-बाबा, बायको, मुलगी, सगळे. म्हणाले, "मग १५ च्या वर जाऊ नका. १६ मी विकू शकतो, चार पैसे मला जास्तच सुटतील, पण ऑगस्टमध्ये तुम्ही परत माझ्याकडे याल आणि तेव्हा हसत येणार नाही." ज्या दुकानदाराने मोठी वस्तू विकायची संधी समोर असताना गिऱ्हाईकाला खालची घ्यायला लावली, त्याच्याकडेच मी पुढचं सगळं काम दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

अलॉय मी नवीन बाजारातले नाही घेतले. झेडएक्सआयवर आलेले कंपनीचेच १५ चे अलॉय, कुणीतरी गाडी घेतल्या घेतल्या काढून विकलेले, ते शोधले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असे सेट फिरत असतात, ऑनलाईनही मिळतात. चौघांचे मिळून चौदा हजार पडले. नवीन कमी भावाच्या अलॉयपेक्षा मला हे बरं वाटलं त्याला कारण आहे.

चाक गाडीला बसायला नुसता इंच जुळून भागत नाही. स्विफ्टला चार नट, १०० मिमी पीसीडी, म्हणजे चार बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास १००. मधलं भोक, जे गाडीच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर) बसतं आणि ज्याला सेंटर बोअर म्हणतात, ते ५४.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना हे भोक ७३.१ पर्यंत मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येतं. त्यात हबची रिंग घालून ती फट भरायची असते, प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, वस्तू साधीच आहे पण अर्धी दुकानं ती देतच नाहीत. मग चाक बरोब्बर मध्यावर न बसता नटांच्या भरवशावर बसतं, आणि हायवेला ऐंशीच्या वर गेलं की स्टीअरिंग थरथरायला लागतं, माणूस परत परत बॅलन्सिंग करत बसतो, थरथर जात नाही. कुणाला असं होत असेल तर आधी ती रिंग आहे का ते बघा.

दुसरी भानगड ऑफसेटची, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याची. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. समजा मूळचा ४० आहे आणि तुम्ही तेवढ्याच रुंदीचं पण ३० चं रिम लावलंत, तर चाक प्रत्येक बाजूला १० मिमी बाहेर येतं. दिसायला दणकट दिसतं, पण फुल स्टीअरिंग मारलं किंवा मागे तीन माणसं बसली की टायर फेंडरच्या कडेला घासायला लागतो, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि पावसात सगळा चिखल दारावर. आणि नट. सुझुकीचे नट १२ मिमीचे पण आटे १.२५ चे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये), ह्युंदाईचे तेवढ्याच जाडीचे पण आटे १.५ चे. आय२० ची पीसीडी आणि भोक स्विफ्टसारखंच आहे म्हणून तिचे अलॉय बसतात, पण रिमबरोबर आलेले तिचे नट स्विफ्टच्या स्टडवर जोर लावून फिरवले की आटे गेले समजा. एअर गनवाल्या पोराला हे कळत नाही, तो गन लावतो आणि मोकळा होतो. पहिले दोन-तीन आटे हाताने फिरले पाहिजेत, हे उभं राहून बघा.

कंपनीचे अलॉय घेतल्यामुळे यातली एकही कटकट मला झाली नाही. पण जुने रिम घेताना तपासणी मात्र करावीच लागते, आणि काकांनी ती कशी केली ते सांगतो कारण मला ते बघताना खूप शिकायला मिळालं. टायर चढवायच्या आधी त्यांनी रिकामं रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर लावलं आणि वजनं वगैरे काही न बघता नुसतं हाताने हळू फिरवलं. खडूचा तुकडा मशीनच्या दांड्याला टेकवून रिमच्या कडेपासून अगदी केसाएवढ्या अंतरावर धरला. सरळ रिम असेल तर खडू कुठेच लागत नाही किंवा सगळीकडे सारखा लागतो. तीन रिम छान फिरले. चौथ्याला एकाच जागी पांढरा ओरखडा उठला, बोटभर लांब, मग परत फिरवलं तर पुन्हा तिथेच. मग रिम उलटं करून आतल्या बाजूने टॉर्च मारली आणि रंगाखाली वेल्डिंगची बारीक उंचवट्याची रेघ अंगठ्याने चाचपून मला दाखवली. "हे तुटलेलं होतं, जोडून रंगवलंय. हे एक्स्प्रेसवेला नाही चालणार." डोळ्याने मला ते कधीच दिसलं नसतं. विकणाऱ्याला फोन केला, थोडी कुरकुर झाली पण त्याने ते बदलून दुसरं दिलं. म्हणून सांगतो, जुना सेट घेताना पैसे पूर्ण देण्याआधी मशीनवर फिरवून बघायची अट घाला, आणि जो विकणारा ती मानत नाही त्याच्याकडून घेऊच नका.

टायर नवीन घेतले. एकाला साडेपाच हजारच्या आसपास पडला, तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, त्यामुळे आता घेणाऱ्यांना फायदा आहे. ब्रँडवरून मी भांडणार नाही. मी भांडुपचा, आमच्याकडे सिएटची फॅक्टरी, त्यामुळे घरात एक बाजू आधीच ठरलेली होती, पण अपोलो, एमआरएफ, ब्रिजस्टोन, योकोहामा, सगळ्यांकडे या साईझमध्ये चांगला माल आहे. हा १८५/६५ चा अजून एक फायदा, ही साईझ एवढ्या गाड्यांना लागते की कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते. चिपळूणला किंवा सावंतवाडीला टायर फाटला तर २०५/४५ आर १७ कुठून आणणार?

टायर घेताना साईझच्या पुढे जे छोटं लिहिलेलं असतं ते बघा. माझ्या टायरवर ८८ आहे, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. मूळच्या १६५/८० ला ८५ होतं, म्हणजे ५१५ किलो. नवीन आकडा मूळपेक्षा कमी नको, एवढं साधं लक्षात ठेवा. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीचा घेतला तर ८४ येतो, ५०० किलो, म्हणजे टायर रुंद दिसतो पण पेलतो मूळपेक्षा कमी, तिथे एक्सएल लिहिलेला जाड बांधणीचाच घ्यावा लागतो. आकड्याच्या पुढचं अक्षर स्पीडचं, टी म्हणजे १९० पर्यंत, एच म्हणजे २१०. आपल्याकडे समृद्धीवर लिमिट १२०, अटल सेतूवर आणि पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात १००, त्यामुळे त्याची फार चिंता नको. तारखेची मात्र करा. डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २४२५ म्हणजे २०२५ सालातला चोविसावा आठवडा. दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर डिस्काउंटमध्ये गळ्यात मारतात, तो मला नको होता, मी चारही टायरच्या तारखा बघूनच चढवायला सांगितले.

आता चालवायला कशी झाली गाडी. पहिल्याच दिवशी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला फरक जाणवला, लेन बदलताना आधी गाडी जरा डुलायची, स्टीअरिंग फिरवल्यावर एक क्षण थांबून मग वळायची, तो थांबा गेला. खंडाळ्याच्या घाटात उतरताना वळणावर गाडी आता रस्ता धरून राहते, बायको जी आधी दाराचं हँडल धरून बसायची ती आता झोपते. ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबते, विश्वास वाटतो. अटल सेतूवर समुद्राचा वारा आडवा येतो तेव्हा पूर्वीच्या अरुंद टायरवर छोटी गाडी हलायची, आता बरीच शांत असते.

तोटे पण सांगतो. बारीक खड्डे आणि फ्लायओव्हरचे जॉइंट आधीपेक्षा थोडे जास्त जाणवतात, ठक-ठक आत ऐकू येतं, मोठा फरक नाही पण आहे. माझ्या बाबांना पाठीचा त्रास आहे, त्यांनी पहिल्याच फेरीत "जरा कडक झाली का रे?" असं विचारलं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग किंचित जड झालंय. मायलेज थोडं उतरलंय, शहरात एवढं कळत नाही पण पुण्याच्या फेरीला टाकी भरताना कळतं. आणि अलॉय म्हणजे हलकं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, तसं नेहमी नसतं, ओतीव अलॉय एक इंच मोठं असेल तर वजन स्टीलच्या डिस्कच्या बरोबरीने जातं. पिकअप वाढेल म्हणून अलॉय घालू नका.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे तो काढूया, की रुंद टायर म्हणजे पावसात जास्त ग्रिप. ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग सुधारतं हे ठीक, पण साचलेल्या पाण्यातून वेगात जाताना अरुंद टायर पाणी कापत जातो आणि रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो. विक्रोळी-कांजूरच्या पट्ट्यात हायवेच्या कडेच्या लेनमध्ये पाणी साचतं, तिथे मी आता पूर्वीपेक्षा वेग कमी ठेवतो. १८५ ला हा त्रास फार नाही, पण स्विफ्टसारख्या हलक्या गाडीला २०५-२१५ घालणाऱ्यांनी नक्की विचार करावा. आणि रुंदीपेक्षा महत्त्वाची आहे नक्षीची खोली. कायद्याने १.६ मिमी पर्यंत चालतं, टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण मुंबईच्या पावसात १.६ पर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं, ३ मिमी राहिले की मी तरी जूनच्या आधी बदलणार.

ज्यांना अलॉयचा खर्च नकोय आणि गाडीचा डुलणारा स्वभाव मात्र कमी करायचाय, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे, त्याच १४ च्या स्टीलच्या डिस्कवर १८५/७० आर १४. चाकाचा व्यास ६१४.६ येतो, मूळपेक्षा ५ मिमी कमी, म्हणजे गाडी फक्त अडीच मिमी खाली बसते, आणि साईडवॉल जवळपास १३० मिमी राहते. आरामही टिकतो आणि रुंदीही मिळते. माझ्या बाबांची वेगळी गाडी असती तर मी तिला हेच केलं असतं. याउलट १९५/६५ आर १५ कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, तो ६३४.५ चा होतो, स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०२ च्या वर असते आणि चाकाच्या कमानीत जागा कमी पडते ती वेगळीच.

कायद्याचं पण बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. म्हणून कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेली साईझ घेणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, वाद घालायला कुणाला जागाच राहत नाही. फेंडरच्या बाहेर आलेली चाकं लांबूनच दिसतात. इन्शुरन्सवाल्याला अलॉयची माहिती लेखी द्या. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत खड्ड्यात नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालेलं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, ते सुद्धा निम्मे. टायरचं वेगळं अॅड-ऑन मिळतं, १६-१७ वाल्यांनी ते घ्यावंच.

बसवून झाल्यावर काकांनी तीन गोष्टी बजावल्या आणि त्या मी पाळल्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत यायचं, नट पान्याने पुन्हा तपासायला, कारण नवीन अलॉय बसताना नट जरा सैल होतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकं नीट सरळ आहेत का ते मशीनवर जुळवणं, करून घ्यायचं, चाक बदलल्याने ते बिघडत नाही पण आधीच बिघडलेलं असेल तर नवे टायर त्यावर घासून जातील. माझ्या गाडीचं खरंच थोडं बाहेर होतं, जुन्या पुढच्या टायरची आतली कड बघूनच त्यांनी ते ओळखलं होतं, मशीनवर गाडी घ्यायच्या आधीच. आणि हवा थंड टायरमध्ये भरायची, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जे स्टिकर आहे त्यात आपल्या साईझपुढे जो आकडा आहे तेवढीच. पेट्रोल पंपावरचा पोरगा "साहेब ३५ टाकू?" विचारतो त्याला नको म्हणायचं. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवीन वॉल्व सगळं धरून दीड हजार घेतले, पक्कं बिल दिलं, जुन्या चार टायरपैकी दोन बरे होते त्याचे पैसे वजा करून दिले. एकच तक्रार, दुकानापुढे जागा नाही, शनिवारी संध्याकाळी गेलात तर गाडी रस्त्यावर लावून उभं राहावं लागतं आणि टोइंगची भीती. सकाळी दुकान उघडताना जा.

स्टेपनी मी बदलली नाही, ती जुनीच १६५/८० आर १४ आहे. चाकाचा व्यास जवळपास सारखा असल्यामुळे घरापर्यंत किंवा पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत आरामात जाता येतं, फक्त पळवायची नाही आणि शक्यतो मागच्या चाकाला लावायची. पुढचं पंक्चर झालं तर मागचं अलॉय पुढे घेऊन स्टेपनी मागे. डिकीत नटांचा एक जादा सेट ठेवलाय, पाना पण लांब दांड्याचा घेतलाय कारण गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने आमच्या बायकोला नट सुटत नव्हते, लांब दांड्याने ती एकटी चाक बदलते. कुणाला स्विफ्ट, डिझायर किंवा बलेनोच्या साईझबद्दल विचारायचं असेल तर गाडीचं साल, मॉडेल आणि आत्ताच्या टायरवरचा पूर्ण नंबर लिहून विचारा, नुसतं "किती इंच टाकू?" विचारलंत तर कुणालाच नीट सांगता येणार नाही.